उंटाच्या घरातलं प्यादं

“राजापुढचं प्यादं, दोन घरं,” सुकेशनी म्हणाली आणि भागवतकडं बघून तिनं हळूच मान हलवली.

सूर्यभाननं हात पुढं करून पट चाचपला. अंधांसाठी मुद्दाम केलेला पट होता तो. प्रत्येक घराला मधोमध भोक, मोहऱ्यांच्या बुडाला खुंटी, काळी घरं पांढऱ्यांपेक्षा जराशी उंच. पुढं आलेलं पांढरं प्यादं बोटांना लागलं, तशी त्यानं मान डोलावली आणि आपलंही राजापुढचं प्यादं त्याच्यासमोर आणून खोचलं.

“हं. चाला, पाव्हणे,” तो म्हणाला. “घसा बसलाय म्हणं तुमचा? खडीसाखर धरा तोंडात. पालमचं पानी लय जड हाय.”

भागवत प्लास्टिकच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. सेलू-वालूर गाडीवर अख्खी नोकरी “पुढं सरका, मधी जागा हाय” म्हणून ओरडण्यात गेलेला हा माणूस आज खोकायलाही भीत होता. घसा त्याचा ठणठणीत होता. घसा बसल्याची थाप त्याचीच, आणि ती सांगायचं काम त्यानं सुकेशनीवर ढकललं होतं.

सुकेशनी ही सूर्यभानची मुलगी. पालमच्या शाळेत शिकवायची, आज रजेवर होती. बाप वालूरला एकटा पडला आणि डोळ्यांनीही गेला, तेव्हा तिनं त्याला आपल्याकडं आणलं. मागच्या आठवड्यात मेव्हण्याच्या घरच्या लग्नाला म्हणून भागवत पालमला आला होता, तर स्टँडवर ही समोर. त्यानं नजर चुकवली, पण तिनं चुकवली नाही. पाया पडली आणि म्हणाली, “काका, बाबा तुमचं नाव काढू देत न्हाईत. पण पट मांडला की पैला सवाल काय, तर समोरच्यानं प्यादं दिलं का? तुमी एकदा या ना.”

त्या दिवसापासून भागवतच्या डोक्यात ही चाल शिजत होती. नाव सांगायचं नाही. पाहुणा म्हणून बसायचं, चाली सुकेशनीनं बोलायच्या, आणि दुसऱ्या चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढं करायचं. उभ्या जन्मात सूर्यभानपुढं ते प्यादं असं दुसऱ्या कुणी टाकलं नव्हतं. त्याला कळणारच. आणि त्यानं ते घेतलं, म्हणजे झालं गेलं पोखर्णीच्या नरसिंहाला वाहिलं. नाही घेतलं, तर मात्र उठायचं आणि मिळेल ती गाडी धरायची. सकाळी वालूरहून निघाल्यापासून भागवतनं दुसरा विचार केला नव्हता.

आता ती दुसरी चाल समोर आली होती आणि हात उचलत नव्हता.

वालूरच्या पारावर बुद्धिबळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तिथले नियम तिथलेच. प्यादं एकेक घर चालायचं, राजाला जन्मात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा, आणि समोरच्याच्या वजिरावर नेम धरला तर “वजीर सांभाळा” असं तोंडानं सांगायचं. न सांगता वजीर मारणाऱ्याला पारावर कुणी तंबाखूसुद्धा विचारत नसे. भागवत नोकरीला लागला, परभणीच्या डेपोत मुक्कामाला राहू लागला, आणि तिथल्या एका मेकॅनिककडून साहेबी नियम शिकून आला. प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालतं, हे त्यानंच पारावर आणलं. त्याच्याबरोबर आणली ही चाल. आपलं धडधाकट प्यादं दुसऱ्याच चालीला शत्रूच्या तोंडी द्यायचं. तो खाण्यात गुंतला की आपले उंट, घोडे, हत्ती मोकळे, आणि मग त्याच्या राजावर तुटून पडायचं.

“याड लागलं का रं भागवता?” म्हातारे म्हणाले होते. “घरचं प्यादं कुनी फुकट देतंय व्हय?”

“द्यायला छाती लागती,” भागवत म्हणायचा. मिशी त्या वेळी काळी होती.

म्हाताऱ्यांनी हळूहळू बाकी सगळं मान्य केलं, पण एका नियमावर ते हटून बसले. साहेबी खेळात प्यादं शेवटच्या ओळीला पोचलं की त्याचा वजीर करता येतो, कुठल्याही घरात. पारावर तसं नव्हतं. प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराचाच मोहरा व्हायचा. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. “ज्याच्या दारात गेलास त्याच्या घरचा झालास,” असं सिताराम सुतार म्हणायचा आणि त्यापुढं वाद नसे.

सूर्यभान गावात डाक वाटायचा. सायकल लिंबाला टेकवून तो पाराखाली उभा राहायचा आणि टाचा उंचावून डाव बघायचा. बौद्धवाड्यातलं कुणी पारावर बसत नसे. बसू नको असं कुणी म्हणत नव्हतं, बस असंही कुणी म्हणत नव्हतं. एक दिवस भागवतच म्हणाला, “वर ये की सूर्या. खालून पट काय दिसतोय?” दोघाचौघांच्या कपाळाला आठ्या पडल्या. भागवतनं मोहरे मांडले, दुसऱ्या चालीला प्यादं पुढं केलं, आणि सूर्यभाननं ते पटकन खाल्लं. खाल्लं ते खाल्लं, वर जिंकलाही. आठ्या गेल्या, डाव राहिला. पुढं वर्षानुवर्षं भागवत देत गेला आणि सूर्यभान घेत गेला. कधी हा जिंके, कधी तो. “माझं प्यादं खाऊन खाऊन पोट सुटलं तुझं,” भागवत म्हणायचा. सूर्यभान किडमिडीत होता, त्यामुळं पार हसायचा.

“काका?” सुकेशनीच्या तोंडून निघून गेलं. तिनं जीभ चावली.

सूर्यभानच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

भागवतनं उंटापुढचं प्यादं उपसलं आणि दोन घरं पुढं नेऊन खोचलं. सुकेशनीनं चाल सांगितली.

सूर्यभानचा हात पटावर आला. बोटं सावकाश चाचपत त्या प्याद्यापाशी पोचली आणि त्याच्या गोल डोक्यावर टेकून राहिली. भिंतीवर तथागतांची तसबीर होती, खाली खिडकीत मोगऱ्याची कुंडी. बाहेर कुणीतरी बोअरची मोटर चालू केली.

“सुकेशनी,” तो म्हणाला, “चा ठिव. पाव्हन्यांना साखर जास्त लागती.”

ती आत गेली.

“घसा लयच दिस बसला हो तुमचा, कंडक्टरसाहेब,” सूर्यभान म्हणाला.

भागवतला वाटलं होतं, तो चमकेल. ओरडेल, शिवी देईल, निदान खुर्ची मागं सारेल. तो नुसता बसून होता, बोट प्याद्यावर. आणि ‘कंडक्टरसाहेब’? ‘भागवता’ नाही, रागातला ‘भाग्या’सुद्धा नाही. बसमध्ये दोन थांबे जाणारा परका माणूस बोलतो, तसं.

“सूर्या,” भागवत म्हणाला.

“चाल माझी हाय.”

त्यानं बोट उचललं. राजापुढचं काळं प्यादं तिरकं सरकायला एवढं जवळ होतं. पण हात तिकडं गेलाच नाही. त्यानं मागच्या ओळीतला आपला उंट शोधला आणि तिरका काढून पटाच्या मध्याकडं रोवला. भागवतचं प्यादं होतं तिथंच उभं राहिलं.

उंट बघितला आणि भागवतला सेलूच्या शाळेतला तो हॉल आठवला. आठवला म्हणणं खोटं आहे, कारण तो विसरला कधी होता?

तालुक्याची स्पर्धा होती. जिंकणारा परभणीला जिल्ह्यासाठी जाणार. शेवटच्या डावात समोरासमोर कोण, तर वालूरचे दोघं. अख्खा पार ट्रॅक्टरमध्ये बसून आलेला, डेपोतले चार कंडक्टर ड्युटी बदलून आलेले. भागवतनं आठवडाभर डेपोत छाती ठोकून सांगून ठेवलेलं, कप आपलाच. त्यानं नेहमीप्रमाणं प्यादं दिलं, सूर्यभाननं नेहमीप्रमाणं घेतलं. हल्ला मात्र जमला नाही. मोहरे मरत गेले आणि ज्या प्याद्यानं भागवतचं प्यादं खाल्लं होतं, तेच एकेक घर खाली उतरत उंटाच्या घरात येऊन पोचलं. वजीर केला असता तर दोन चालींत भागवतचा खेळ खलास.

सूर्यभाननं बाजूला पडलेल्या मोहऱ्यांतला उंट उचलला आणि त्या घरात ठेवला.

हॉलमध्ये कुणीतरी “अरारा” म्हणालं. परभणीहून आलेले पंच, तरुण होते, पुढं झाले. “उंटच करायचाय का?” त्यांनी विचारलं. सूर्यभान गोंधळला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो लाजल्यासारखा हसला. “सवय हो. आमच्या पारावर उंटाच्या घरात उंटच होतो.” पंच म्हणाले, नियमानं ठेवला तो ठेवला. पण गावाकडची स्पर्धा आहे, समोरच्याची हरकत नसेल तर बदला.

सगळ्यांनी भागवतकडं बघितलं. सूर्यभाननं तर बघितलंही नाही, त्याचा हात उंट उचलायला निघालेलाच होता. इतकी त्याला खात्री होती.

“नियम म्हणजे नियम,” भागवत म्हणाला.

तीन शब्द. बोलताना त्याला ते कुणी दुसराच बोलल्यासारखे ऐकू आले. सूर्यभानचा हात अधांतरी राहिला, मग परत मांडीवर आला. पुढं उंटाच्या बळावर त्याला काही साधलं नाही आणि भागवत जिंकला. सूर्यभाननं उठून हात मिळवला. दुसऱ्या दिवशी त्याची सायकल लिंबाला टेकलेली दिसली नाही, आणि पुन्हा कधीच दिसली नाही. पारावर कुणी भागवतला वाईट बोललं नाही. फक्त सितारामनं तंबाखूची चंची पुढं केली नाही.

परभणीला तो पहिल्याच फेरीत हरला. दोन वेण्या घातलेल्या एका पोरीनं त्याचं प्यादं घेतलं, सांभाळलं आणि तासाभरात त्याला घरी पाठवलं. कप आहे अजून, त्याची बायको नर्मदाबाई त्यात वाती ठेवते. आणि त्या दिवशी स्टँडवर सुकेशनी सहज बोलून गेली होती, की त्या स्पर्धेच्या आधीच डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. बाबा म्हणत होते, दिसतंय तोवर एकदा परभणीला खेळून यावं.

ते ऐकल्यापासून भागवतला जेवण गोड लागलं नव्हतं.

“चाला,” सूर्यभान म्हणाला.

भागवतनं घोडा काढला. आता चाल सांगायला सुकेशनी नव्हती, त्यालाच बोलावं लागलं. “घोडा, राजाच्या उंटापुढं, तिसऱ्या घरात.” इतक्या वर्षांनी भेटलेल्या मित्राशी तो हे बोलत होता.

“घेतलं कामून न्हाईस?” चार-सहा चाली झाल्यावर त्याच्यानं राहवलं नाही.

“काय?”

“प्यादं.”

“लय वर्सं घेतलं की,” सूर्यभान म्हणाला. “मला वाटायचं, तुमी द्यायलाव. सेलूला कळलं. गळाला लावलेलं गांडूळ म्हंजे माशाला घातलेलं जेवन न्हवं.”

“सूर्या, तसं न्हवतं रं. पारावर कोन घेऊन आलं होतं तुला?”

“तुमीच. ते मी कवा न्हाई म्हणलं न्हाई.” त्यानं चाल केली. “वजीर, पटाच्या मधी. बगा.”

सुकेशनी चहा ठेवून गेली. चहा निवत होता. पटावर सूर्यभानचा काळा वजीर उघड्या माळावर उभा राहिल्यागत मधोमध उभा होता आणि भागवतच्या लक्षात आलं, की आपला घोडा एका उडीत त्याच्यावर नेम धरतो. त्यानं घोडा उचलला आणि रोवला. चाल सांगितली. सूर्यभाननं चाचपली, पण घोड्यापासून वजिरापर्यंतचं अंतर काही त्याच्या बोटांनी मोजलं नाही.

भागवत वाकला. इतक्या वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्यानं एका पारावरच्या बोलात घातलं.

“वजीर सांभाळ, सूर्या.”

सूर्यभानची बोटं थांबली. त्याचा चेहरा जरासा हलला, आणि भागवतला वाटलं, झालं, आता हा हसणार, आता ‘भागवता’ म्हणणार.

“स्पर्धेत आसं सांगत न्हाईत,” सूर्यभान म्हणाला. “नियम म्हंजे नियम.”

आणि त्यानं वजीर हलवलाच नाही. कडेचं एक प्यादं एक घर पुढं सारलं आणि हात मांडीवर घेऊन बसला. “घ्या,” तो म्हणाला. “तुमची चाल.”

भागवतचा घोडा पटावर, वजीर पटावर, हात मात्र खुर्चीच्या दांडीवर घट्ट. शेवटी त्यानं आपला राजा खुंटीसकट उपसला आणि पटावर आडवा केला.

“मी सोडला डाव.”

सूर्यभाननं चाचपून आडवा राजा शोधला. बराच वेळ तो त्याच्यावर अंगठा फिरवत होता.

“आज सोडायला सोपं हाय, कंडक्टरसाहेब,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच भागवतला जास्त लागलं. “आज बगायला कुनी न्हाई.”

आता तोंड उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. “माझं चुकलं,” भागवत म्हणाला. “तवाच चुकलं. रोज वाटायचं यावं, आन्‌ पाय निघंना. तू हाकलून दिलं आसतंस तर? म्हनून म्हणलं, आदी प्यादं पुढं करावं. तू घेतलंस, तर मंग नाव सांगावं.”

“तुमी फाटक उघडलं तवाच मला कळलं,” सूर्यभान म्हणाला. “उजवी चप्पल घासत चालताव तुमी. अजून बी. मला वाटलं, आता हाक येतीय. ‘सूर्या’ म्हनून. मी खुर्चीला हात लावून बसलो होतो, उठायला. तर पोरगी सांगायलीय, पाव्हन्यांचा घसा बसलाय.” त्यानं राजावरचा अंगठा काढला. “फाटकातनं हाक मारली आसती, तर मी उठून आलो आसतो, भागवता.”

ते नाव आलं, आणि आलं ते असं आलं. भागवतला डोळे पुसायचं भान राहिलं नाही, आणि समोरच्याला ते दिसणार नव्हते. आपण पुन्हा तेच केलं, एवढं त्याला लख्ख कळलं. आधी काहीतरी फेकायचं आणि समोरचा काय करतो ते बघायचं. सरळ हात पुढं करायला जन्मात जमलं नाही.

सूर्यभान मोहरे डब्यात भरू लागला. बोटांनी ओळखून, हत्तींत हत्ती, घोड्यांत घोडे. सगळ्यात शेवटी पटावर ते एक प्यादं उरलं, दुसऱ्या चालीपासून जिथं उभं होतं तिथंच. त्यानं ते उपसलं, दुसऱ्या हातानं चाचपडत भागवतचा तळवा शोधला आणि त्यात ठेवलं.

“हे तुमचं. घिऊन जा.”

“आरं, पट अर्धवट राहील तुझा.”

“गल्लीतली लेकरं येतेत खेळायला. त्या भोकात सुकेशनी आगपेटीची काडी लावंल. मला काडी बी कळती.” त्यानं भागवतची बोटं प्याद्यावर मिटवली आणि हात सोडला. “चा प्या. निवला आसंल. पालमहून साडेचारला गाडी हाय तुमची.”

चहा निवलाच होता. भागवतनं तो पाण्यासारखा घशाखाली उतरवला. सुकेशनी फाटकापर्यंत आली, काही विचारावं की विचारू नये अशी उभी राहिली. “पुन्हा या काका,” एवढंच म्हणाली. त्यानं मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

रस्त्याला लागल्यावर त्यानं एकदा मागं वळून बघितलं. शाळा सुटलेली दोन लेकरं दप्तरासकट ओट्यावर चढून बसली होती. पट बाहेर ओट्यावर आला होता आणि सुकेशनी आगपेटीतली काडी मोडून तिचा गुल काढत होती. तिनं काडी भोकात उभी केली. सूर्यभाननं मांडलेल्या ओळीवरून बोट फिरवलं, प्यादं, प्यादं, प्यादं, आणि काडीपाशी आलं तसं ते जरा थांबलं. मग पुढच्या प्याद्यावर गेलं.

भागवत उजवी चप्पल उचलून, न घासता, स्टँडकडं चालू लागला.